भामटे, जिल्हानिहाय

फोनवरून होणारी फसवणूक हा महाराष्ट्रात आता बारमाही व्यवसाय झाला आहे. हापूस देवगडचा आणि संत्री नागपूरची, तसे या व्यवसायातही ज्या त्या भागाचे वाण ठरून गेले आहे. मुंबईकराला अटकेची भीती घालतात, पुणेकराला गॅस तोडण्याची, उरलेल्या महाराष्ट्राला वीज तोडण्याची. शेतकऱ्याला भीती घालावीच लागत नाही; अडकलेल्या हप्त्याची आठवण करून दिली की काम होते. भामट्याने गिऱ्हाइकाचा अभ्यास केलेला असतो. कोणत्या शहरात कोणते बिल कोण पाठवते, कोणत्या योजनेचा हप्ता लांबला आहे, गाडीवाले सध्या कशाच्या मुदतीने घाबरले आहेत, याची इतकी ताजी माहिती ठेवणारे दुसरे खाते राज्यात शोधून सापडणार नाही.

उलाढालही लहान नाही. केंद्र सरकारने लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार सायबर फसवणुकीत देशातल्या लोकांनी २०२३ मध्ये ७,४६५ कोटी रुपये गमावले आणि २०२४ मध्ये २२,८४५ कोटी. एका वर्षात तिप्पट वाढ दुसऱ्या कोणत्या उद्योगाने दाखवली असती, तर त्याच्या अध्यक्षांच्या मुलाखती छापून आल्या असत्या आणि त्यांनी पहाटे किती वाजता उठावे याबद्दल तरुणांना चार शब्दही सांगितले असते.

तोतयेगिरी महाराष्ट्राला नवी नाही. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडल्यावर काही वर्षांनी ‘मीच भाऊ’ म्हणत एक तोतया उभा राहिला. त्याने कोकणात किल्ले घेतले, माणसे जमवली, आणि १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहदंड झाला. पण त्या तोतयाला निदान स्वतः यावे लागले, उन्हातान्हात हिंडावे लागले, भाऊंना ओळखणाऱ्यांपुढे उभे राहावे लागले. आजच्या तोतयाला एक खाकी सदरा, मागच्या भिंतीवर पोलिसांचे बोधचिन्ह आणि बरे इंटरनेट एवढे पुरते. खाली तो बर्म्युडावर बसला असला तरी कॅमेऱ्याला त्याचे सोयरसुतक नसते.

हा फोन नेमका कोठून येतो, याची उत्तरे काळानुसार बदलत गेली. आधी सगळ्यांचे बोट झारखंडच्या जामताऱ्याकडे जायचे. बँकेचा अधिकारी म्हणून बोलणारे, ‘एटीएम कार्ड ब्लॉक झाले आहे’ सांगणारे फोन तिथून इतके निघाले की त्या जिल्ह्याच्या नावाने २०२० मध्ये वेब मालिका निघाली. मग हरियाणातील नूह आणि राजस्थानातील भरतपूर, अलवर, डीग हा मेवातचा पट्टा पुढे आला. जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीतला तोतया फौजी आणि रात्री अकराला व्हिडिओ कॉल करून नंतर ब्लॅकमेल करणारी अनोळखी तरुणी, ही दोन्ही पात्रे तिथली. अलीकडे मोठ्या रकमांचे काम कंबोडिया, लाओस आणि म्यानमारमधल्या कुंपणबंद वसाहतींतून चालते. तिथे फोन करणारा कित्येकदा स्वतःच फसवून नेलेला असतो: परदेशातील डेटा एन्ट्रीची नोकरी म्हणून तिकीट काढून दिलेले, पोहोचताच पासपोर्ट काढून घेतलेला, आणि रोजचे लक्ष्य पुरे झाले नाही तर मार. महाराष्ट्र सायबर पोलिसांनी २०२५ मध्ये म्यानमारमधून अशा साठाहून अधिक भारतीयांची सुटका घडवून आणली आणि त्यांना तिकडे पाठवणाऱ्या दलालांना पकडले. विनोदी लेखात या माणसांवर विनोद करता येत नाही.

महाराष्ट्राची भूमिका मात्र केवळ ग्राहकाची आहे असे समजणे राज्याच्या उद्यमशीलतेवर अन्याय करणारे ठरेल. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घालून सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेतले. ही मंडळी रात्रभर अमेरिकेतल्या लोकांना तिथल्या आयकर खात्याच्या नावाने दटावत होती आणि थकलेला कर गिफ्ट कार्डांच्या रूपात वसूल करत होती. आयकर खाते गिफ्ट कार्ड घेत नाही, हे अमेरिकी माणसाला सुचले नाही याचे हसू येणाऱ्यांनी ‘सीबीआय यूपीआय घेते का’ हा प्रश्न आपल्याकडे किती जणांना सुचला तेही पाहावे. ऑगस्ट २०२५ मध्ये सीबीआयने इगतपुरीत एका भाड्याच्या रिसॉर्टवर छापा घातला. श्रावणातल्या इगतपुरीत लोक धबधबे बघायला जातात. ही मंडळी ॲमेझॉनच्या ग्राहकसेवेच्या नावाने अमेरिका आणि कॅनडातल्या लोकांना फोन लावायला गेली होती.

मुंबईचे वाण म्हणजे ‘डिजिटल अटक’. सुरुवात ध्वनिमुद्रित आवाजाने होते: दूरसंचार प्राधिकरणाकडून बोलत आहोत, दोन तासांत आपला नंबर बंद होईल, अधिक माहितीसाठी ९ दाबा. कधी प्राधिकरणाऐवजी कुरियर कंपनी असते आणि तिच्याकडे तुमच्या नावाचे एक पार्सल अडकलेले असते. पार्सलमध्ये ठरावीक ऐवज: काही पासपोर्ट, काही बँकेची कार्डे, थोडे अमली पदार्थ आणि बरेचदा एखादा लॅपटॉप. पाठवणारा तस्कर तुमचे आधार कार्ड पार्सलला जोडण्याइतका काटेकोर कसा, हे कोणी विचारत नाही. ९ दाबला की फोन ‘मुंबई क्राइम ब्रँच’कडे वळतो. गिऱ्हाईक लुधियानाचे असो की लातूरचे, गुन्हा बहुधा मुंबईतच नोंदलेला असतो, आणि अंधेरीच्या पोलिसांवर या कामाचा भार फार पडलेला दिसतो.

मग व्हिडिओ कॉल. पूर्वी हा कारभार स्काइपवर चाले. मे २०२५ मध्ये स्काइप बंद झाल्यावर व्हॉट्सॲपने तो सांभाळून घेतला. आरोपीने खोलीचे दार लावायचे, घरात कोणाला सांगायचे नाही, कॅमेऱ्यासमोरून हलायचे नाही, बाथरूमला जायचे तरी विचारून जायचे. सुटकेचा मार्ग एकच: खात्यातले सगळे पैसे ‘पडताळणी’साठी रिझर्व्ह बँकेच्या म्हणून सांगितलेल्या खात्यात भरायचे, निर्दोष ठरल्यावर परत मिळणार. हे खाते प्रत्यक्षात एखाद्या बेरोजगार तरुणाच्या नावे निघते, कारण त्याने काही हजारांसाठी आपले पासबुक, कार्ड आणि सिम दुसऱ्याला वापरायला दिलेले असते. दक्षिण मुंबईतल्या ८६ वर्षांच्या एका महिलेकडून अशा रीतीने २० कोटींहून अधिक रक्कम काही आठवड्यांत काढून घेण्यात आली. २०२४ मध्ये लुधियानाच्या एका मोठ्या कापड उद्योगसमूहाच्या प्रमुखांसाठी तर खास सर्वोच्च न्यायालय भरवण्यात आले, तत्कालीन सरन्यायाधीश चंद्रचूड यांचा तोतया उभा केला गेला आणि निकालही लगेच लागला. सर्वोच्च न्यायालयात एका दिवसात सुनावणी आणि आदेश, हे ऐकूनच खरे तर संशय यायला हवा होता. त्या आदेशाची किंमत ७ कोटी पडली.

भारतीय कायद्यात डिजिटल अटक नावाचा प्रकार नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्येही हेच सांगितले. अटक करणाऱ्या पोलिसाला प्रत्यक्ष यावे लागते, अटकेचा पंचनामा करावा लागतो, नातेवाइकाला कळवावे लागते आणि चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. फोनवरचा तोतया यातले काहीच करत नाही, पण एक गोष्ट तो खऱ्या पोलिसाहून जास्त करतो: वेळ देतो. सलग दोन दिवस एकाच तक्रारीकडे इतक्या एकाग्रतेने लक्ष देणारा अधिकारी ज्या नागरिकाच्या वाट्याला आला, त्याने ठाण्याची पायरी पूर्वी कधी चढलेली नसावी. आणखी एक साधी कसोटी आहे. स्वतःला मुंबई पोलीस म्हणवणाऱ्या साहेबांशी सरळ मराठीत बोलायला लागावे. ‘साहेब, बक्कल नंबर काय तुमचा?’ एवढ्यावर कित्येकदा पलीकडे शांतता पसरते, मग कुजबुज, मग फोन ‘सीनियर’कडे. पण या कसोटीवर सर्वस्वी विसंबू नये, कारण टोळ्यांत आता मराठी मुलेही भरती होतात.

पुण्याकडे येताना भामटा आवाज खाली आणतो. निवृत्तिवेतन, मुदत ठेवी आणि दुपारी एक ते चार रिकामा वेळ, असे गिऱ्हाईक दुसरीकडे इतक्या संख्येने एकत्र मिळत नाही. इथले वाण नैसर्गिक वायूच्या बिलाचे आहे. ‘मागच्या महिन्याचे बिल अद्ययावत झालेले नाही, आज रात्री गॅस बंद होईल’ असा संदेश येतो, खाली एका ‘अधिकाऱ्या’चा मोबाइल नंबर. फोन केला की अधिकारी नम्रपणे एक फाइल पाठवतो, नाव गॅस कंपनीचे, शेपूट ‘डॉट एपीके’चे. ती उघडली की फोनवर येणारे ओटीपी ग्राहकाच्या आधी भामट्याला वाचायला मिळतात. ज्याने बिल पहिल्याच दिवशी भरलेले असते, तोच यात जास्त सापडतो. बिल थकवणाऱ्याला असल्या धमकीची सवय असते. वेळेवर भरणाऱ्याला मात्र आपल्या नावाला बट्टा लागल्याचे दुःख अनावर होते आणि पावती दाखवून वाद जिंकण्यासाठी तो स्वतःहून फोन लावतो.

उरलेल्या महाराष्ट्रात हेच काम विजेच्या नावाने होते. महावितरणचे ग्राहक तीन कोटींच्या घरात, त्यामुळे बाजारपेठ मोठी. ‘आज रात्री साडेनऊ वाजता आपला वीजपुरवठा खंडित केला जाईल’ हा संदेश २०२२ पासून फिरतो आहे. वीज नेमकी किती वाजता जाणार हे आधी कळण्याचा अनुभव राज्यातल्या ग्राहकाला फारसा नाही. साडेनऊ हा आकडा वाचूनच त्याने सावध व्हायला हवे. महावितरण वेळोवेळी सांगत आले आहे की तिचे संदेश ‘एमएसईडीसीएल’ हे नाव असलेल्या शीर्षकातूनच येतात, कोणाच्या खासगी मोबाइलवरून नाहीत. भामट्याचे पाठांतर इथे कधी कच्चे पडते: मुंबई बेटावर वीज बेस्ट आणि टाटा देतात, उपनगरांत बहुतांशी अदानी, हे न पाहता तो कुलाब्याच्या माणसालाही महावितरणचा धाक घालतो.

ग्रामीण भागात एपीके फाइल वेगवेगळी नावे घेऊन येते. पेरणीच्या सुमारास ती पीएम किसान असते, हप्ता लांबला की पीक विमा. जुलै २०२४ मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत दरमहा १,५०० रुपये मिळू लागले आणि २०२५ मध्ये ई-केवायसीची सक्ती झाली, तेव्हा खऱ्या संकेतस्थळाशेजारी खोट्या संकेतस्थळांचीही दुकाने लागली. जुन्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवायची मुदत आली, तेव्हा प्लेट बसवून देणारी बनावट संकेतस्थळे निघाली. वाहतूक चलानाची फाइल तर सर्वत्र चालते, कारण आपण सिग्नल तोडला नसेल याची खात्री महाराष्ट्रात फार थोड्यांना असते.

या सगळ्यांत चलाख फाइल लग्नपत्रिकेची. सरकारी नोटीस लोक टाळतात; पत्रिका उघडावीच लागते. कोणाचे लग्न, मुलगी कुठली, आपल्याला आहेराचे की बिनआहेराचे, हे कळल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. २०२५ मध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला अशी पत्रिका उघडण्याबद्दल जवळजवळ दोन लाखांचा आहेर करावा लागला. पत्रिकेवर वधूवरांची नावे नसतात ती नसतातच. फाइल एकदा फोनमध्ये शिरली की त्याच माणसाच्या नावाने ती पुढच्या सगळ्या गटांत जाते, म्हणून सोसायटीच्या गटावर रात्री दोन वाजता सेक्रेटरींकडून वाहतुकीचे चलान येते. सेक्रेटरींकडे गाडी नसते, तरीही सकाळपर्यंत दहा जणांनी ते उघडून पाहिलेले असते.

लष्करी छावण्यांच्या गावांत, म्हणजे पुणे, देवळाली, अहिल्यानगर, कामठी इथे, तोतया फौजी जास्त खपतो. बदली झाली आहे, फ्लॅट भाड्याने हवा आहे, तीन महिन्यांचे भाडे आगाऊ देतो. किंवा युनिटसाठी शंभर प्लेट जेवण हवे आहे. ओळखपत्राचा फोटो, गणवेशातला फोटो, बोलण्यात ‘जय हिंद’. मग पैसे ‘देण्यासाठी’ तो क्यूआर कोड पाठवतो आणि समोरच्याला पिन टाकायला सांगतो. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, पिन लागतो तो देण्यासाठी. एवढे एक वाक्य पाठ असले तर या शाखेचा धंदा बसतो. ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर व्यक्तीने व्यक्तीकडे पैशांची मागणी पाठवण्याची सोयही बंद झाली आहे. क्यूआर कोड मात्र शाबूत आहे.

गोव्याचे वाण डिसेंबरात पिकते. समुद्राला लागून बंगला, खासगी तरणतलाव, भाडे बाजाराच्या निम्मे, फोटो दुसऱ्याच कोणाच्या जाहिरातीतून उचललेले. आगाऊ रक्कम पाठवून पुण्या-मुंबईचे कुटुंब कळंगुटला पोहोचते, तेव्हा त्या पत्त्यावर एक तर बंगला नसतो, किंवा बंगला असतो आणि त्यात मालक राहत असतो. देवस्थानांचेही तेच. भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये केदारनाथचे हेलिकॉप्टर आणि सोमनाथची अतिथिगृहे यांच्या बनावट आरक्षणांबद्दल इशारा दिला होता. भक्तनिवासाची खोली ऐन सुट्टीत एका फोनवर मिळाली, तर तो देवाचा प्रसाद समजण्याआधी संकेतस्थळाचा पत्ता पुन्हा वाचावा.

शिकलेल्या, कमावत्या वर्गासाठी शेअर बाजाराचा व्हॉट्सॲप गट असतो. जानेवारी ते एप्रिल २०२४ या चारच महिन्यांत ट्रेडिंगच्या नावाने देशात १,४२० कोटी रुपये गेले; त्याच काळात डिजिटल अटकेने १२० कोटी नेले. म्हणजे बातम्यांत भीती गाजते, पण खरी कमाई हावेवर होते. गटात एक ‘प्रोफेसर’, शंभरेक सदस्य, रोज नफ्याची छायाचित्रे आणि आभाराचे संदेश. त्या शंभरांतला खरा गुंतवणूकदार बहुधा एकटाच असतो. ॲपवर नफा वाढत राहतो. तो काढायला गेले की आधी कर भरायला सांगतात. आयुष्यभर कर वाचवण्यासाठी धडपडलेला माणूस इथे तो आनंदाने भरतो.

परदेशातल्या मराठी माणसाला भारतीय दूतावासाच्या नावाने फोन जातात आणि व्हिसात चूक निघाली आहे असे सांगून दंड मागितला जातो. त्याची तक्रार त्या त्या देशातच करायची असते, अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनकडे. ब्रिटनमध्ये संशयास्पद संदेश ७७२६ या क्रमांकाला पुढे पाठवतात.

सरकार हातावर हात ठेवून बसले आहे असे नाही. परदेशातून येऊन पडद्यावर भारतीय नंबर दाखवणारे फोन अडवणारी यंत्रणा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली, तेव्हा चोवीस तासांत १ कोटी ३५ लाख फोन अडवले गेले. बँकांच्या खऱ्या फोनसाठी १६०० ने आणि जाहिरातींसाठी १४० ने सुरू होणारे क्रमांक ठरवून दिले आहेत. मग अमिताभ बच्चन यांच्या आवाजात सावधगिरीची धून आली, ती देशभर महिनोन्‌महिने फोन लागण्याआधी वाजली. ही धून फोन लावणाऱ्याला ऐकू येई, घेणाऱ्याला नाही. साध्या सिमवरून दिवसाला शंभर-दीडशे फोन लावणाऱ्या भामट्यांइतकी ती कोणी ऐकली नसेल. त्यांचे प्रबोधन झाले असल्यास नोंद नाही.

आता तक्रारीकडे. पैसे गेले की पहिले एक-दोन तास महत्त्वाचे असतात, आणि मराठी घरात हा वेळ ‘मी तुला तेव्हाच सांगत होतो’ या विषयावरील चर्चेत जातो. चर्चा संपली की शेजाऱ्यांना कळू नये याचा बंदोबस्त. त्यानंतर एखादा भाचा कॉम्प्युटरमधला म्हणून त्याला फोन; तो मीटिंगमध्ये. तेवढ्या वेळात रक्कम चार-पाच खात्यांतून फिरून कुठल्याशा एटीएममधून नोटांच्या रूपात बाहेर पडते. भामट्याचे खरे भांडवल सिम कार्ड किंवा ॲप नसून ही लाज आहे, आणि ती गिऱ्हाईक स्वतःच पुरवते.

म्हणून पहिला फोन १९३० या क्रमांकाला. पूर्वी हा क्रमांक १५५२६० होता. लक्षात राहीना म्हणून बदलला. या मदतवाहिनीवर तक्रार घेणारा माणूस समोर एक प्रणाली उघडून बसलेला असतो, तिला देशातल्या बँका आणि पाकीट कंपन्या जोडलेल्या आहेत. आपल्या बँकेचे नाव, खाते क्रमांक, गेलेली रक्कम, तारीख-वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक एवढे हाताशी हवे. यूपीआयचा हा क्रमांक बारा आकडी असतो आणि तो ॲपच्या इतिहासात सापडतो. कहाणी पहिल्यापासून सांगण्याची गरज नाही; ‘सकाळी मी देवपूजा करत होते, तेवढ्यात’ इथून सुरू केले तर रक्कम दोन खाती पुढे जाते. माहिती मिळताच रक्कम जिथे पोहोचली असेल त्या बँकेला ती रोखून धरण्याचा निरोप जातो. ती पुढे गेली असेल तर निरोपही पुढे जातो. लाइन व्यग्र लागू शकते. तेव्हा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या ऑगस्ट २०१९ पासून चालू असलेल्या संकेतस्थळावर तीच तक्रार लिहिता येते. फोनवर तक्रार केलेल्यांनीही मिळालेल्या पोचक्रमांकाने चोवीस तासांत तिथे तपशील पुरा करायचा असतो. लुधियानाच्या त्या उद्योगपतींच्या ७ कोटींपैकी सव्वापाच कोटी पोलिसांनी परत मिळवले. लाज बाजूला ठेवण्याचा हा दर वाईट नाही.

बँकेलाही वेगळे कळवावे लागते. खाते, कार्ड आणि यूपीआय बंद करून घ्यायचे, आणि तक्रार लेखी करून तिचा क्रमांक घ्यायचा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाचीही नसेल आणि बँकेचीही नसेल, तर बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर तोट्याची जबाबदारी येत नाही. चार ते सात दिवस झाले तर ती मर्यादित राहते. ओटीपी आपणच वाचून दाखवला असेल, तर कळवेपर्यंतचा तोटा आपला, कळवल्यानंतरचा बँकेचा. या शेवटच्या वाक्यावर बँकेच्या काउंटरवर पुष्कळ तात्त्विक चर्चा होते. तीस दिवसांत बँकेने समाधान केले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. माहितीसाठी क्रमांक १४४४८.

पोलीस ठाण्यात तक्रार कुठेही देता येते. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचा प्रश्न न काढता गुन्हा नोंदवून घ्यायचा असतो. इलेक्ट्रॉनिक मार्गाने कळवले असेल, तर तीन दिवसांत येऊन सही करावी लागते. महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्याला सायबर पोलीस आहेत, गोव्याचे सायबर ठाणे रायबंदरला. सोबत न्यायचे ते पडद्याचे फोटो, बँकेचा उतारा, भामट्याचे नंबर आणि पोचक्रमांक. रागाच्या भरात व्हॉट्सॲपचे संभाषण पुसून टाकू नये. पुष्कळ जण नेमके तेच करतात आणि मग पुरावा म्हणून स्वतःचा राग तेवढा घेऊन जातात.

पैसे गेले नाहीत, फक्त फोन आला, तरी कळवण्याची सोय आहे. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर मार्च २०२४ पासून ‘चक्षू’ नावाची खिडकी आहे. ॲपमध्येही ती मिळते. फोन, संदेश की व्हॉट्सॲप हे निवडायचे, तारीख, वेळ आणि नंबर लिहायचा, असल्यास चित्र जोडायचे. तिथूनच आपल्या नावावर किती सिम चालू आहेत हेही पाहता येते. एका माणसाला बहुतेक राज्यांत नऊ सिमची मर्यादा आहे. आपल्याला माहीत नसलेले दहावे निघाले तर तेही कळवता येते. नुसत्या जाहिरातींच्या छळासाठी १९०९. कर्ज घ्या म्हणणारी मुलगी भामटी नसते, ती नोकरी करत असते. तिची तक्रार १९३० वर करू नये.

रोखून धरलेली रक्कम परत मिळायला बहुतेक वेळा दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. त्यासाठी अर्ज, त्याला तपास अधिकाऱ्याचा अहवाल, मग तारीख. या वाट पाहण्याच्या काळात एक नवा फोन येण्याची शक्यता असते. बोलणारा सायबर सेलचा अधिकारी असतो, त्याला तक्रारीतली रक्कम कधी नेमकी ठाऊक असते, आणि तुमचे पैसे सापडले असून थोडे प्रक्रिया शुल्क भरताच ते खात्यात जमा होतील असे तो सांगतो. पोलीस असे शुल्क घेत नाहीत. या फोनची तक्रारही १९३० वरच करायची. पोचक्रमांक मात्र नवा मिळतो.